एकशे एकतीस फटके

गोल्फ आम्हांस येत नाही. ही कबुली आरंभीच दिलेली बरी. निवृत्तीनंतर दोन वर्षे आम्ही पुण्यात हा खेळ शिकतो आहोत, आणि शिकवणाऱ्याच्या संयमाविषयी आमच्या मनात आदर वाढण्यापलीकडे विशेष प्रगती झालेली नाही. असे असूनही 2024 च्या जूनमध्ये, गोल्फच्या जन्मभूमीत, एका जुन्या मित्रासह मोटारीतून गावोगाव फिरत आम्ही पाच दिवस खेळलो. अत्यंत वाईट खेळलो. आणि इतके सुखाचे पाच दिवस अलीकडे वाट्याला आल्याचे स्मरत नाही. असे का व्हावे, हा प्रश्न परत आल्यापासून सुटत नाही.

मित्र महाविद्यालयीन दिवसांपासूनचा. 2001 साली नोकरीनिमित्त एडिंबरोला गेला आणि तिथलाच झाला. एके काळी तो कविता लिहीत असे. 1998 साली त्याचा एकमेव संग्रह निघाला. त्याचे परीक्षण एका त्रैमासिकात आम्हीच केले होते. परीक्षण प्रतिकूल होते. ‘या कवीला शब्द सापडतात, अनुभव सापडत नाही’ हे त्यातले वाक्य त्या काळी काही जणांनी वाखाणले होते. मित्राने त्यानंतर दुसरा संग्रह काढला नाही. मैत्री टिकली, त्या विषयावर मात्र आम्ही दोघे कधी बोललो नाही.

पहिल्या दिवशी फोर्थच्या खाडीवरचा 2017 साली खुला झालेला पूल ओलांडून आम्ही फाइफमध्ये शिरलो. शेजारी 1890 चा तांबडा रेल्वेपूल उन्हात चमकत होता. गाडी चालवताना मित्र गोल्फच्या गोष्टी सांगत होता. 1457 साली स्कॉटलंडच्या संसदेने या खेळावर बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडू मारत बसत. दुसरी गोष्ट रोबेर्तो दे विसेन्सो या अर्जेंटिनाच्या खेळाडूची. 1968 च्या मास्टर्स स्पर्धेचा शेवटचा दिवस, त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस. या खेळात एकाच्या फटक्यांची नोंद दुसरा ठेवतो. सतराव्या होलला त्याने तीन फटके घेतले. नोंद ठेवणाऱ्या सहखेळाडूने चुकून चार लिहिले. दे विसेन्सोने कागद नीट न पाहता सही केली. नियमाप्रमाणे सही केलेला मोठा आकडाच कायम झाला आणि एका फटक्याने त्याची बरोबरी हुकली. त्याने दोष सहखेळाडूला दिला नाही, स्वतःलाच दिला. गोष्ट ऐकून आम्ही हळहळलो आणि विसरलो.

आधी थेट टे नदीपलीकडे कार्नूस्टीला गेलो. 1999 च्या ओपन स्पर्धेत फ्रान्सच्या व्हान द वेल्डला इथल्या शेवटच्या होलला सहा फटके पुरले असते. त्याला सात लागले, आणि पुढे तो हरला. त्यात एकदा तो बूटमोजे काढून, विजार वर दुमडून ओढ्याच्या पाण्यात उतरला होता. त्या ओढ्याच्या काठी आम्ही बराच वेळ उभे राहिलो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या साध्या मैदानावर सकाळभरात आमचे सहा चेंडू हरवले. मग सेंट अँड्र्यूज. तिथल्या जगप्रसिद्ध ओल्ड कोर्सवर खेळण्याची आमची योग्यता नव्हती. पण रविवारी तिथे सहसा खेळ बंद असतो आणि गावातली माणसे मुलांना, कुत्र्यांना घेऊन फिरायला येतात. आम्हीही त्यांच्यात मिसळलो. खेळलो ते नवशिक्यांसाठी असलेल्या बालगोव्ह या नऊ होलच्या मैदानावर. पुढच्या तुकडीत शाळकरी मुले होती. त्यांना गाठण्याची वेळ आमच्यावर आली नाही.

मित्राची एक गोष्ट तोवर आमच्या ध्यानात येऊ लागली होती. आम्ही फटका चुकवला की तो हसत नसे, सल्ला देत नसे, खोटे ‘वा!’ही म्हणत नसे. तो फक्त चेंडू कुठे पडला ते शेवटपर्यंत पाहत असे. आम्ही लाजेने मान खाली घालून उभे असू, आणि तो म्हणे, “त्या उंच गवताच्या डावीकडे. चल.” मग दोघे चालू लागत असू. डोक्यावर चंडोल गात असे, एका बाजूला समुद्र असे. आमचे बोलणे झाले ते या चालण्यात. नीट खेळणारी माणसे मैदानाच्या मधून सरळ जातात; आम्हांला प्रत्येक होलला कडेचे गवत तुडवावे लागे, आणि त्यामुळे बोलायला वेळ पुष्कळ मिळे.

शेवटचा दिवस एलीचा. तिथे पहिल्या होलसमोर टेकाड असल्यामुळे पुढची माणसे दिसत नाहीत. म्हणून खेळ सुरू करून देणाऱ्याच्या खोलीत पाणबुडीचा पेरिस्कोप बसवला आहे. समोर वाट मोकळी झाल्याचे त्यातून पाहून तो हाक देतो. त्या दिवशी समुद्रालगतच्या एका होलला आमचा चेंडू दाट गवतात गेला. नियमाप्रमाणे शोधायला तीन मिनिटे मिळतात. 2019 पूर्वी पाच मिळत. तीन मिनिटे होऊन गेली. मागे कोणी नव्हते. मित्र क्लबने गवत बाजूला सारत शोधतच राहिला. त्याच्या वाकलेल्या पाठीकडे पाहता पाहता आमच्या तोंडून निघून गेले, “ते परीक्षण तुला आठवतं?”

“पाठ आहे,” तो वर न पाहता म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “संग्रहात बावन्न कविता होत्या. तू उल्लेख केलेली शेवटची कविता एकविसावी. पुढची एकही नाही.”

आमच्यापाशी उत्तर होते आणि ते त्याला ठाऊक होते. अंक छपाईला जायचा होता. वाक्य आधीच सुचले होते. उरलेल्या एकतीस कविता आम्ही वाचल्याच नव्हत्या. तसे आम्ही सांगितले. सव्वीस वर्षांनी.

“मीही तेव्हा काही बोललो नाही,” तो म्हणाला. “तू लिहिलंस ते खरं धरलं. त्या अर्जेंटिनावाल्यासारखी सही करून मोकळा झालो.” मग खाली वाकून, “हा बघ तुझा चेंडू.”

नियमाने तो चेंडू आता बाद होता. आम्ही तो तिथूनच मारला. होलपाशी पोहोचल्यावर मित्राने कागदावर नऊ लिहिले. “दहा,” आम्ही म्हणालो. त्याने आमच्याकडे पाहिले, नऊ खोडून दहा केले. दिवसअखेरची बेरीज एकशे एकतीस झाली. हे मैदान सत्तर फटक्यांचे. आम्ही प्रत्येक आकडा तपासून सही केली.

आयुष्यभर आम्ही इतरांच्या लेखनाचे मूल्यमापन केले. विद्यार्थ्यांनाही तेच शिकवले: फटका कसा बसला ते सांगा. चेंडू कुठे पडला हे शेवटपर्यंत पाहायचे असते, आणि मग तिथवर चालत जायचे असते, हे आम्ही शिकवले नाही, कारण आम्हांलाच ठाऊक नव्हते. त्या पाच दिवसांच्या आनंदाचे कारण बहुधा हेच असावे. आमचा एकही वाईट फटका मित्राने पाहायचा सोडला नव्हता.

पुण्यास परतल्यावर माळ्यावरून तो संग्रह काढला. बाविसाव्या कवितेपासून वाचायला घेतला, सावकाश, रोज एक. त्या कविता कशा आहेत, हे येथे लिहिणार नाही. आधी त्याला कळवायचे आहे.