छऱ्याची बंदूक आणि तिची पारख

बंदुकीचें नांव काढतांच वडील मंडळींच्या कपाळास आंठ्या पडाव्या आणि मुलांच्या डोळ्यांत चमक यावी, हा जगाचा नियमच होऊन बसला आहे. परंतु ज्या बंदुकीविषयीं आम्ही येथें चार शब्द लिहिणार आहों, तिचा स्वभाव इतका सौम्य आहे कीं, तिला बंदूक म्हणावें कीं पिचकारीची थोरली बहीण म्हणावें, असा विकल्प क्षणभर मनांत यावा. तिच्यांत दारू नाहीं, धूर नाहीं, जाळ नाहीं. एक पोलादी स्प्रिंग, एक दट्ट्या आणि मूठभर हवा, एवढाच तिचा संसार. तथापि या लहानशा संसाराची घडी नीट बसविण्यांत आमचा श्रावणापासून दिवाळीपर्यंतचा फावला वेळ खर्ची पडला, आणि त्या अवधींत शिशाच्या छऱ्यांहून अधिक मोलाचें कांहीं हातीं लागलें. म्हणून हा लेखनप्रपंच.

ही बंदूक आमच्या वडिलांच्या वेळेपासून माळ्यावर पडलेली होती. तिला खालीं उतरविण्याचें निमित्त झालें आमच्या ताईचा मुलगा. १ ऑगस्ट २०२४ रोजीं राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत ५० मीटर रायफलच्या प्रकारांत कांस्यपदक मिळविलें, आणि कोल्हापुराकडील शेंकडों मुलांप्रमाणें आमच्या भाच्यासही नेमबाजीचा ध्यास लागला. ज्या जिल्ह्याच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्युनिक येथें जगज्जेतेपद मिळविलें, त्या जिल्ह्यांतील नववीच्या विद्यार्थ्यास असा ध्यास लागावा यांत नवल नाहीं. परंतु सामन्यांत वापरावयाच्या हवेच्या रायफलीची किंमत लाखांच्या घरांत जाते, आणि ताईचा संसार तर महिन्याच्या पगारावर बेतलेला. तेव्हां माळ्यावरची बंदूक हाच त्याचा एक आधार होता.

त्यानें महिनाभर परसांत नेमानें सराव केला. पण छर्रे काय, एक उजवीकडे तर दुसरा डावीकडे, एक वर तर दुसरा पार खालीं! अखेर एके दिवशीं तो रडवेला होऊन म्हणाला, “मामा, माझा हातच खोटा आहे. डिसेंबरांत शाळेच्या संघाची निवड आहे. मी नांव काढून घेतों.” पंधरा वर्षांच्या मुलानें आपल्या हाताविषयीं असा निकाल देऊन टाकावा, हें आम्हांस बरें वाटलें नाहीं. आम्हीं त्यास इतकेंच सांगितलें, “हात खोटा कीं बंदूक खोटी, हें ठरल्याशिवाय निकाल लागत नसतो. आधीं पुरावा पाहूं.”

कामास हात घालण्यापूर्वीं ताईनें आपली अट घातली. “अरे, तुम्ही मामा-भाचे काय हवें तें करा, पण माझ्या परसांतल्या एका बुलबुलाच्या पंखासही धक्का लागतां कामा नये.” अट रास्तच होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्याकडील बहुतेक वन्य पक्ष्यांस अभय दिलें आहे. आणि कायदा नसता तरी निर्बळ जिवावर नेम धरण्यांत पुरुषार्थ तो कोणता? शेजारची मुलें भिंतीवर बसून “एक तरी पाखरूं पाडून दाखव” म्हणून त्यास चिडवीत. तो मान खालीं घालून कागदाच्या निशाणावरच छर्रे झाडीत राही. २०१६ च्या शस्त्रनियमांप्रमाणें ४·५ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या आणि २० ज्यूलच्या आंतील ऊर्जेच्या हवाई बंदुकीस परवाना लागत नाहीं. पण परवाना लागत नाहीं म्हणून विवेकही लागत नाहीं असें थोडेंच आहे? दुबळ्यांत दुबळ्या छऱ्यानेंही डोळा जाऊं शकतो. म्हणून निशाणामागें वर्तमानपत्रांच्या जुन्या गठ्ठ्यांनीं भरलेली पेटी, तिच्यामागें दगडी भिंत, डोळ्यांस चष्मा, भरलेल्या बंदुकीचें तोंड सदैव निशाणाकडे, आणि शिसें हाताळल्यावर साबणानें हात धुणें, हे नियम पहिल्याच दिवशीं परसाच्या दारावर लिहून लावले.

आतां या यंत्राचें अंतरंग पाहूं. नळी मोडून खालीं वांकविली म्हणजे दट्ट्या मागें सरतो, स्प्रिंग दबते व घोड्याच्या खांचेंत अडकून राहते. घोडा ओढतांच स्प्रिंग सुटते व दट्ट्या पुढें झेपावतो. त्याच्यापुढील कोठींतली हवा इतक्या त्वरेनें दाबली जाते कीं, तिच्यांतील उष्णतेस बाहेर पडावयास अवकाश मिळत नाहीं; ती तापते, आणि एका बारीक छिद्रांतून घुसून छऱ्यास नळीबाहेर हांकलते. दट्ट्या पुढें धांवतो तेव्हां बंदूक मागें सरकते, आणि तो कोठीच्या टोकाशीं थबकला कीं ती पुढें हिसका घेते. ही घालमेल बहुतांशीं छर्रा नळींत असतांनाच होत असते. म्हणून अशी बंदूक घट्ट आवळून धरणें व्यर्थ. ती तळहातावर सैलशी ठेवावी, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक वेळीं अगदीं सारखीच ठेवावी.

प्रथम सोपे उपाय केले. दस्त्याचे स्क्रू ढिले होते, ते आवळले. नळींत शिशाचा थर बसला होता, तो कापडाच्या चिंध्या ओढून काढला. नंतर जेथें नळी कोठीस मिळते त्या सांध्यावर पातळ कागदाची पट्टी चिकटवून छर्रा सोडला, तों पट्टी फडफडली! याचा अर्थ असा कीं, छऱ्यामागें जावयाची हवा वाटेंतच चोरली जात होती. तेथील कडक झालेली चकती बदलली, आणि पट्टी निश्चल राहिली.

पुढचें काम मात्र घरचें नव्हतें. स्प्रिंग विसाव्याच्या स्थितींतही दाबलेलीच असते. मागचें बूच अविचारानें काढल्यास ती तोंडावर उसळते. म्हणून आम्ही बंदूक आमच्या आळींतील एका वृद्ध फिटर मिस्त्रींकडे नेली. त्यांनीं ती वाइसमध्यें धरून, मळसूत्राच्या दाबाखालीं, केसाकेसानें स्प्रिंग मोकळी केली. आंत पाहतों तों दट्ट्याच्या टोकाचा चामडी वायसर सुकून पापडासारखा झालेला, आणि कोठींत जळक्या तेलाचा काळा लेप! पूर्वीं कोणी तरी मोठा आवाज निघावा म्हणून छिद्रांत तेल सोडीत असावें. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनें तें तेल पेट घेतें, धडाका होतो, धूर निघतो, आणि पाहणारास वाटतें कीं बंदूक जोरदार झाली. वस्तुतः त्या स्फोटानें वायसर होरपळतो, स्प्रिंग दुखावते, आणि एका छऱ्याचा वेग दुसऱ्याशीं कधींच जुळत नाहीं. मिस्त्री हंसून म्हणाले, “साहेब, आवाज म्हणजे जोर नव्हे.” हें वाक्य वर्गांतील फळ्यावर लिहून ठेवण्याजोगें आहे, असें आमच्या मनांत आलें. नवा वायसर कापून तेलांत मुरविला. स्प्रिंगचीं टोंकें घांसून सपाट केलीं. तिला नांवापुरतें वंगण लावलें, आणि कोठी कोरडी पुसून ठेविली. बंदुकीचा जोर वाढविणें हा हेतु नव्हताच. प्रत्येक छरा मागच्यासारखाच सुटावा, एवढीच अपेक्षा होती.

पण सारखेपणा मोजावा कसा? वेग मोजण्याचें विजेचें यंत्र आमच्यापाशीं नव्हतें. तेव्हां बेंजामिन रॉबिन्स नांवाच्या इंग्रज गणितज्ञानें १७४२ सालीं आपल्या ग्रंथांत वर्णिलेला लंबकाचा प्रयोग उपयोगी पडला. एका लांकडी ठोकळ्यास खड्डा पाडून त्यांत शाडू भरला. सर्व मिळून वजन ५०० ग्रॅम केलें. आणि तो एक मीटर लांबीच्या चार दोऱ्यांनीं तुळईस टांगला. सराफाच्या तराजूंत शंभर छर्रे घातले, ते ५० ग्रॅम भरले. म्हणजे एक छर्रा अर्ध्या ग्रॅमाचा. छर्रा शाडूंत रुतला कीं ठोकळा किंचित् मागें झुलतो व पट्टीवरील कागदाचा तुकडा पुढें ढकलतो. नळींतून निघणारा वारा ठोकळ्यास लागूं नये म्हणून मध्यें एक छिद्र पाडलेला पुठ्ठा उभा केला, आणि प्रत्येक प्रयोगानंतर रुतलेला छर्रा काढून घेतला. संवेग नाश पावत नाहीं, या नवव्या इयत्तेंतील नियमावरून हिशेब मांडला, तों असें निघालें कीं, ठोकळा एक सेंटिमीटर सरकला तर छऱ्याचा वेग सेकंदास सुमारें ३१ मीटर.

दुरुस्तीपूर्वीं आम्हीं दहा छर्रे सोडून पाहिले होते. ठोकळा कधीं २·४ तर कधीं ३·१ सेंटिमीटर सरके. म्हणजे वेग ७५ पासून ९७ मीटरपर्यंत वाटेल तसा बदले. दुरुस्तीनंतर तो ३·७ ते ३·९ सेंटिमीटर सरकूं लागला. वेग ११६ ते १२२ मीटर झाला, आणि ऊर्जा साडेतीन ज्यूलच्या आसपास राहिली. कायद्याच्या मर्यादेच्या ती पुष्कळच आंत होती. यांतील खरी गोम भाच्यानें स्वतःच शोधून काढली. वेग कमी तर दहा मीटर जाण्यास वेळ अधिक, आणि वेळ अधिक तर छर्रा खालीं अधिक पडणार. हवेचा अडथळा सोडून त्यानें वहींत गणित केलें. पूर्वींचा मंद छर्रा ८·७ सेंटिमीटर खालीं येई, जलद छर्रा ५·२. हात दगडासारखा स्थिर असता तरी उभ्या दिशेंत साडेतीन सेंटिमीटरांचा विसकोट ठरलेलाच! आतां तोच फरक चार मिलिमीटरांच्या आंत आला होता. पेन्सिल खालीं ठेवून तो म्हणाला, “मामा, म्हणजे महिनाभर मी जें स्वतःला बोल लावीत होतों, त्यांतलें निम्मेंशिम्में माझें नव्हतेंच.”

परंतु पुराव्याचें दुसरें अंग अजून बाकी होतें. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून दहा मीटरांवरून पांच-पांच छर्रे सोडले. पूर्वीं ते सहा सेंटिमीटरांच्या वर्तुळांत विखुरत. आतां दोनांत बसले. मग त्यानें उभें राहून, बंदूक हातांत धरून तेंच केलें, आणि पांच छर्रे पांच सेंटिमीटरांत पडले. तो बराच वेळ त्या दोन कागदांकडे पाहत राहिला. पहिल्या कागदावर बंदूक काय करूं शकते तें लिहिलें होतें, दुसऱ्यावर तो स्वतः काय करतो तें. आणि दोहोंतील अंतर सर्वस्वीं त्याचें होतें. पूर्वीं तें कोणाच्या माथीं मारावें हेंच कळत नव्हतें. आतां छर्रे नेहमीं डावीकडे खालच्या अंगास झुकतात, म्हणजे घोडा ओढतांना मनगट दबतें, हेंही त्यास दिसूं लागलें. ज्या दोषास पत्ता असतो, त्याच्या घरीं जाऊन भेटतां येतें.

डिसेंबरांत त्यानें नांव काढून घेतलें नाहीं. निवडीच्या दिवशीं तो इतर मुलांबरोबर उभा राहिला, आणि संघांत त्याची निवड झाली नाहीं. घरीं आला तेव्हां ताईच्या डोळ्यांत काळजी होती, पण त्यानें शांतपणें बॅग ठेविली, आणि वहींत त्या दिवशींचे गुण लिहून खालीं टीप केली, “मनगट. श्वास. पुढच्या वर्षीं.” ‘माझा हातच खोटा’ असें म्हणणारा मुलगा आतां ‘मनगट’ म्हणूं लागला, हीच आमच्या मतें या सर्व खटाटोपाची कमाई होय. सर्व हातच खोटा असेल तर माणूस काय करणार? पण मनगटाचा दोष सरावानें जातो.

आमच्या विद्यार्थिमित्रांनीं यांतून एवढेंच घ्यावें. दहा मीटर हवाई रायफलच्या नेमबाजींत दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि तेथें पोंचणारे थोडे. पण साधन तपासल्याविना स्वतःस दूषण देणें, आणि साधन नीट झाल्यावरही त्यासच दूषण देणें, हे दोन्ही अन्यायच. शाईनें कागद फुटो, गणित चुको, सूर बिघडो. आधीं पिशवीवर टेकवून साधनाची परीक्षा घ्यावी, मग हातांत धरून आपली घ्यावी, आणि दोहोंतील अंतर मोजून, तें आपलें म्हणून प्रसन्न मनानें पदरीं घ्यावें. तें अंतर रोज केंसभर जरी कमी झालें, तरी वर्षाच्या अखेरीस त्याचें माप डोळ्यांना दिसल्याखेरीज राहत नाहीं.