खड्डा बुजवला नाही, त्याची गोष्ट

सिडनीच्या पश्चिमेला होमबुश भागात एक प्रचंड खड्डा आहे. राज्य सरकारचा वीटकारखाना तिथे होता, त्याच्या मातीची ही खाण. कारखाना १९८८ मध्ये बंद पडला, पंप थांबले, तळाशी पावसाचं पाणी साचलं. दिसायला सुंदर अजिबात नाही. पिवळट कडे, मधे गढूळ हिरवी डबकी. आपल्याकडे असती, तर कधीच भराव टाकून वर टॉवर उभे राहिले असते.

इथेही जवळपास तेच ठरलं होतं. २००० च्या ऑलिंपिकसाठी हा सगळा परिसर घेतला गेला आणि खाणीच्या जागी टेनिस सेंटर होणार होतं. पण १९९२ मध्ये खाणीत एक बेडूक सापडला. ग्रीन अँड गोल्डन बेल फ्रॉग. पोपटी अंगावर सोनेरी डाग, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट टीमच्या जर्सीचेच रंग. नराचा आवाज ऐकला तर बेडूक वाटत नाही. कुणीतरी लांबवर मोटरसायकलचे गिअर बदलतंय असं वाटतं. एके काळी हे बेडूक इतके मुबलक होते की कॉलेजात चिरफाडीला आणि पाळीव सापांना खायला हेच वापरायचे. मग काही दशकांत बहुतेक ठिकाणांहून ते गायबच झाले.

शेवटी टेनिस सेंटर दुसरीकडे गेलं. खाण राहिली. आज तिच्यावर जमिनीपासून साडेअठरा मीटर उंचीवर साडेपाचशे मीटरचा गोल पूल आहे. लोक वरून चालतात, बेडूक खाली राहतात. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘बेडकासाठी टेनिस हलवलं? आणि इथे रस्त्यासाठी माणसं हलवतात.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण खाण वाचवून काम संपलं नाही. आजूबाजूला बांधकाम होणारच होतं, म्हणून बेडकांसाठी नवी तळी खोदली गेली. इथून मला या विषयाचं वेड लागलं, कारण माझ्या कामाशी हे फार जुळतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले ‘मायग्रेशन’ हा शब्द दिवसातून दहादा वापरतो. जुन्या सर्व्हरवरचं सगळं नव्यावर न्यायचं, जुना बंद करायचा. वाटतं, बेडकांचंही तसंच. तळं खोदा, पाणी भरा, बेडूक सोडा.

तसं होत नाही. या बेडकाला उथळ, उन्हातलं पाणी लागतं. काठाला पाणकणसासारखी उंच झाडं लागतात, पण इतकीही नाहीत की सावली पडेल. लपायला दगड, शिकारीला शेजारी गवत. एकच मोठं तळं उपयोगाचं नाही, जवळजवळ बरीच हवीत. एकातून दुसऱ्यात जाताना रस्ता आडवा आला, तर खालून बोगदा आणि कडेला बेडकांना अडवणारं कुंपण. शिवाय तळं मधूनमधून कोरडं पडायला हवं. कारण गॅम्बुसिया. डासांवर उपाय म्हणून परदेशातून आणलेला हा छोटासा मासा अंडी आणि शेपटीवाली पिल्लं फस्त करतो. आपल्या महापालिका डबक्यांत गप्पी मासे सोडतात ना, तसलाच प्रकार. तळं आटलं की मासे मरतात, बेडूक दुसऱ्या डबक्यात जातो. म्हणजे बागेतलं कायम तुडुंब भरलेलं देखणं तळं याला नकोच असतं. त्याला हवी असते खाणीसारखी, जरा विस्कटलेली जागा.

एवढं करूनही एक शत्रू राहतो. कायट्रिड नावाची बुरशी. ती बेडकाच्या त्वचेवर वाढते, आणि बेडूक त्वचेतूनच पाणी व क्षार घेतो, त्यामुळे शेवटी त्याचं हृदय बंद पडतं. तळं कितीही चांगलं बांधा, बुरशीला कुंपण अडवत नाही. जगभर उभयचरांच्या कित्येक जाती तिने संपवल्या आहेत.

तिला सोसत नाही ती उष्णता. २०२४ मध्ये मॅक्वारी विद्यापीठातल्या अँथनी वॉडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये एक प्रयोग मांडला. भोकं असलेल्या विटा काळ्या रंगवायच्या, रचायच्या आणि त्यावर छोटंसं ग्रीनहाऊस ठेवायचं. हिवाळ्यात बुरशीचा जोर असतो, तेव्हा बेडूक आपणहून त्या उबदार भोकांत जाऊन बसले. अंग तापलं, संसर्ग गेला. आणि असे बरे झालेले बेडूक पुढच्या संसर्गाला जास्त पुरून उरले. प्रयोगातला बेडूक हाच, पोपटी-सोनेरी. विटांच्या खाणीत तगलेल्या जातीला शेवटी विटांचाच आधार मिळावा, हे मला फार आवडलं. औषध नाही, जनुकबदल नाही. वीट आणि ऊन.

तरी एक गोष्ट खुपते. विमानतळाजवळच्या आर्नक्लिफला मोटरवे बांधताना भरपाई म्हणून याच बेडकासाठी तळी केली होती. बेडूक तिथे रुळले. मग काही वर्षांनी दुसऱ्या मोटरवेचं काम त्याच परिसरात आलं, आणि पुन्हा नवी तळी, पुन्हा बंदिस्त जागेत प्रजनन. भरपाईच्या जागेचीही भरपाई. मुंबई-पुण्यात ‘झाडांचं पुनर्रोपण करू’ असा बोर्ड लागतो तेव्हा मला आता हेच आठवतं. प्रश्न झाड हलवता येतं का एवढाच नसतो. हलवलेली जागा पुढच्या प्रकल्पापासून कोण राखणार, तिथलं पाणी, गवत, मासे कोण बघणार आणि किती वर्षं, हे त्या बोर्डवर कधीच नसतं.

होमबुशमध्ये ते काम अजून चालू आहे. तळ्यांतलं पाणी काढायचं, माजलेली झाडं उपटायची, रात्री टॉर्च घेऊन बेडूक मोजायचे. मला अजून एकही दिसलेला नाही. पुलावरून दिसतात ती फक्त डबकी. उन्हाळ्यात पाऊस पडून गेल्यावर संध्याकाळी खालून गिअर बदलल्याचा आवाज येतो, तेवढंच.