हिरव्या पानाचं सोनं

चि. मुक्ता,


ईशानचं चित्र पोचलं. बालवाडीतल्या पोरांना बाझेलजवळच्या रानात नेलं, गळलेली पानं वेचायला लावली आणि त्यांचं साळिंदर करून कागदावर चिकटवलं, हे मला फार आवडलं. त्याचा प्रश्न तू शेवटी घाईत लिहिलास: आमची पानं खरोखर सोनेरी असतात, मग आत्याआजी दसऱ्याला हिरव्या पानांना सोनं का म्हणते? याला सवडीनं उत्तर द्यायला हवं.

आधी हिरवेपणाचं सांगते. तुमच्याकडची झाडं थंडीची आणि घटत्या उजेडाची चाहूल लागली की पानं उतरवतात. आपल्या झाडांना धास्ती असते पाणी आटण्याची. म्हणून इथली बरीचशी पानगळ थंडी सरता सरता, माघ-फाल्गुनात होते. ज्याचं पान आपण सोनं म्हणून देतो, तो आपटा दसऱ्याला चार महिन्यांचा पाऊस पिऊन अगदी भरात असतो.

आणि त्या पानासाठी चालावं लागतं. तुझ्या बाबांच्या लहानपणी गावातलं कुणी आपटा विकत आणत नसे. उन्हं कलली की पालखी निघायची आणि मागोमाग सगळा गाव वेशीबाहेर. पुरुषांच्या टोप्यांत घटातल्या धानाचे फिकट तुरे खोवलेले. शाळू नुकता उगवून घोट्याशी आलेला, बांधावर तरवड पिवळाधमक, कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, ओढ्याला अजून वाहतं पाणी. हेच सीमोल्लंघन. पावसाळ्यात नद्या दुथडी आणि वाटा चिखलाच्या, म्हणून मराठी फौजा घरी असायच्या. दसऱ्याला त्या मोहिमेवर निघत. शेतकऱ्याला मोहीम नसली तरी वर्षातून एकदा स्वतःच्या शिवाराच्या कडेपर्यंत जाऊन यायचं, ही रीत मला फार शहाणपणाची वाटते.

आता सोन्याची गोष्ट. कौत्स नावाचा शिष्य वरतंतू ऋषींकडे शिकला. गुरूंना दक्षिणा नको होती. हा हट्टालाच पेटला, तेव्हा ते रागावून म्हणाले, चौदा विद्या शिकलास ना, मग चौदा कोटी मोहरा आण. कौत्स अयोध्येला रघुराजाकडे गेला. राजानं नुकताच विश्वजित यज्ञ करून सारी संपत्ती दान केली होती, पाहुण्याला अर्घ्य द्यायलाही त्याच्याकडे मातीचंच भांडं उरलं होतं. ते पाहून कौत्स मागे फिरला. रघूनं त्याला थांबवलं आणि थेट कुबेरावर चालून जायचं ठरवलं. पण त्याच रात्री कुबेरानं सोनं बरसवलं. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त ते राजाच्या कोषागारात पडतं; आपल्या घरोघरच्या गोष्टीत गावाबाहेरच्या झाडावर पडतं. रघू म्हणाला, सगळं तुझं. कौत्स म्हणाला, गुरूंना द्यायचं तेवढंच माझं. राहिलेलं दोघांनाही नको. मग ते आपट्याखाली ठेवलं आणि लोकांनी लुटलं. म्हणून त्याच्या पानाला आपण सोनं म्हणतो.

ईशानला हा भाग नीट सांग. कुबेराची श्रीमंती त्याच्या लक्षात राहील न राहील, पण गरजेपेक्षा जास्त घेणार नाही असं म्हणणारा कौत्स राहिला पाहिजे. कारण हल्ली बाजारात जे चालतं ते याच्या नेमकं उलट आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी रस्त्यावर फांद्यांचे ढीग पडतात आणि त्यांत पुष्कळदा आपटा नसतोच, कांचन असतो. आपट्याचं पान लहान, जाड, चामड्यासारखं; कांचनाचं मोठं आणि मऊ. दोन्ही मधोमध दुभंगलेली, त्यामुळे लोक फसतात. दुसऱ्या दिवशी ते सगळं सोनं कचऱ्यात जातं. मी आता एकेका माणसाला एकच पान देते, तेही दारच्या झाडाचं.

ईशानला पानांचं साळिंदर येतं, तसं पानांच्या कामांत मला येतं ते पत्रावळ लावणं. आपल्याकडे गावाला पत्रावळी, द्रोण पुरवायचं काम गुरवांचं असायचं. त्यांच्या घरच्या आजींच्या शेजारी बसून मी शिकले. पळसाची पानं निवडायची, एकाची कड दुसऱ्यावर थोडी चढवायची आणि बांबूच्या बारीक चोयीनं टाचत गोल फिरायचं. चोय पानात शिरून पुन्हा वर आली पाहिजे, आणि पान फाटता कामा नये. मग थप्पी करून वर दगड ठेवायचा. वाळलेलं पान तडकतं, म्हणून टाचायचं ते ओलसर असतानाच. तुमच्याकडे चिनारची रुंद पानं पडतात, त्यांवर ईशानला हात बसवता येईल. चोयीऐवजी बारीक काडी चालेल. फक्त त्यात जेवू नका.

आणखी एक गोष्ट, खास तुमच्या गावची. आपटा, कांचन यांच्या प्रजातीला शास्त्रात ‘बौहिनिया’ म्हणतात. योहान आणि कास्पार बौहिन हे दोघे भाऊ वनस्पतिशास्त्रज्ञ, दोघांचाही जन्म बाझेलचा. कास्पारनं 1623 साली हजारो वनस्पतींची नावं जुळवून मोठा ग्रंथ केला. एका देठावरची दोन दलं म्हणजे हे दोन भाऊ, असं लिनिअसनं मानलं. बाझेल विद्यापीठाची वनस्पतिबागही कास्पारनंच 1589 मध्ये उभी केली. तिथे ईशानला घेऊन जा.

यंदा दसऱ्याला तुम्ही सीमोल्लंघन करा. ऱ्हाईनच्या काठानं चालत गेलात तर फ्रान्स आणि जर्मनीला जोडणारा पादचारी पूल लागतो. एका संध्याकाळी दोन सीमा ओलांडून होतील. वाटेत पडलेलं एखादं पान उचला आणि शेजारच्या आजींना द्या. झाडाचं तोडू नका. ईशाननं बनवलेली पहिली पत्रावळ मला पाठवा, पोस्टात मोडली तरी चालेल.

तुझी,
आत्या