उज्जयिनीच्या आकाशाखाली

गेल्या नोव्हेंबरात धर्मकार्यानिमित्त उज्जैनला जाण्याचा योग आला. मुंबईहून संध्याकाळी सुटणारी अवंतिका एक्सप्रेस सकाळी या शिप्रातीरीच्या पुरातन नगरीत आणून सोडते. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला बिऱ्हाड हलविले, तोवर शिंद्यांची राजधानी येथेच होती. त्यामुळे मराठी कुटुंबे आजही येथे नांदतात. त्यांपैकी एक वृद्ध गुरुजी आपल्या नातवासह मला वेधशाळा दाखवावयास आले.

सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात उभारलेल्या पाच वेधशाळांपैकी ही एक. १९२३ साली माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. प्राचीन भारतीय ज्योतिषी रेखांशाची गणना उज्जयिनीपासूनच करीत. सम्राट यंत्राची सावली दगडी कमानीवर हळूहळू सरकत होती. गुरुजी म्हणाले, "फादर, कालिदासाच्या यक्षाने मेघाला सांगितले होते की, वाट थोडी वाकडी झाली तरी चालेल, पण उज्जयिनी पाहिल्यावाचून पुढे जाऊ नकोस. आकाशातून हे नगर कसे दिसते, ते कवीने विमानाच्या कितीतरी आधी पाहिले!"

तेवढ्यात इंदूरच्या बाजूने एक विमान डोक्यावरून गेले. नातवाने विचारले, "फादर, लढाईत विमान चालविणारी आपली पहिली माणसे कोण?"

तेव्हा त्या पायऱ्यांवर बसून मी त्याला पहिल्या महायुद्धातील चौघा तरुणांची कथा सांगितली. परक्या राज्यात हिंदी माणसाला वैमानिक अधिकारी होणे दुर्घट होते. सरदार हरदितसिंग मलिक प्रथम फ्रेंच रुग्णवाहिका चालवीत असे. ऑक्सफर्डमधील त्याचे कॅथलिक प्राध्यापक फ्रान्सिस अर्कार्ट यांनी सेनापतीला पत्र लिहिले, तेव्हा कोठे १९१७ साली त्याला प्रवेश मिळाला. पगडीवर बसेल असे मोठे शिरस्त्राण घालून तो उडे. एरोल सेन त्याच वर्षी शत्रूच्या हाती सापडला. कलकत्त्याच्या इंद्रलाल रॉयने जुलै १९१८ मध्ये अवघ्या तेरा दिवसांत दहा विमाने पाडली, आणि २२ जुलैला तो स्वतः पडला. तेव्हा त्याचे वय एकोणीस वर्षांचे होते.

चौथा आपल्या मुंबईचा, श्रीकृष्ण वेलिंकर. त्याचे 'डॉल्फिन' विमान असे होते की, वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर राही. विमान उलटले तर प्रथम आघात त्याच्यावरच. ब्रिटिश वैमानिकांना तेव्हा हवाई छत्रीही दिली जात नसे. २७ जून १९१८ रोजी तो गस्तीवर गेला तो परतला नाही. जखमी होऊन तो जर्मनांच्या हाती लागला आणि ३० जूनला, तेविसाव्या वर्षी, परक्यांच्या रुग्णालयात त्याने प्राण सोडला.

शत्रूने त्याला मूठमाती दिली खरी. परंतु मराठी आडनाव जर्मन कानांना कसे उमगावे? कबरीवर ते ओळखू न येण्याइतके बिघडून लिहिले गेले. इकडे मुंबईत घरच्यांना ना निरोप, ना ठावठिकाणा. मेघानेही आणून दिला नसता असा तो निरोप! अखेर एका इंग्रज कर्नलने त्या विचित्र नावाचा चिकाटीने माग काढला आणि ती कबर वेलिंकरचीच असल्याचे ठरले.

"मग नाव दुरुस्त केले का?" मुलाने विचारले.

"होय बाळ. फ्रान्समध्ये हांगार येथील दफनभूमीतील शिळेवर आज त्याचे स्वतःचेच नाव आहे."

मुलगा समाधानाने उठला. मी मात्र तेथेच बसून राहिलो. उंचावरून नगरे सुंदर दिसतात, सेना दिसतात. एकटा हरवलेला माणूस दिसत नाही. त्याला शोधावयास खाली उतरावे लागते, एकेक कबर पाहावी लागते. आपला उत्तम मेंढपाळ हेच करीत नाही काय? तो स्वर्गातून खाली उतरला, आणि आपल्या प्रत्येक मेंढराला तो नावाने ओळखतो.

वाचकहो, नोव्हेंबर हा मृतात्म्यांचा महिना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सात मी त्या चौघांचे स्मरण केले. आपल्या गावातील कित्येक मुले सैन्यात, जहाजांवर, परमुलखात गेली. काही परतली नाहीत. संध्याकाळी रोझरी म्हणताना त्यांची नावे मोठ्याने, नीट उच्चारा. विसरलेले एक नाव पुन्हा ओठांवर आणणे, हेही दयेचे कृत्यच आहे.