येळवशीला फडावर

२००३ च्या दसऱ्याला मी तमाशाच्या फडात हलगी वाजवायला गेलो. गाव भालकी तालुक्यातलं, बीदर जिल्हा. घरात मराठी, बाजारात कन्नड, बसस्टँडवर दखनी. फडमालकानं दिलेली उचल आईच्या हातात गेली आणि बुद्धपौर्णिमेपर्यंत मी फडाचा झालो.

तमाशावर लिहिणारे लावणीवर लिहितात. मला विचाराल तर फड म्हणजे ट्रक. खेळ रात्री दोन-अडीचला सुटला की कनात उतरवायची. खांब, फळ्या, जनरेटर, कपड्यांच्या पेट्या ट्रकात चढवायच्या. बाया तोंडावरचा रंग तसाच ठेवून गाडीत बसायच्या. सकाळी दुसऱ्या गावात उतरलं की आधी चूल, मग झोप. ट्रकखालची सावली जुन्या माणसांची. आम्ही नवे कनातीच्या गुंडाळीवर. चारला उठून पुन्हा बोर्ड उभा करायचा.

फळ्या रोज उपसून रोज ठोकल्या की खिळे वर येतात. पहिल्याच पंधरवड्यात एकीच्या टाचेत खिळा घुसला. तिनं गौळण पुरी केली. चाळ सोडताना खालची पट्टी रक्तानं चिकटलेली. त्यानंतर खेळाआधी हातोडी घेऊन मी सगळ्या फळ्या तळहातानं चाचपायचो. कुणी सांगितलं नव्हतं.

फडात विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती. खेळ चालू असताना त्या पडद्यामागं बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या. २००२ मध्ये त्या गेल्या, म्हणजे आठवण ताजी होती. पण ही गोष्ट निघायची ती एखादी पोरगी तापानं फणफणली की. मला ते आवडायचं नाही. विठाबाईंनी सोसलं ते दुसरीनंही सोसावं म्हणून थोडंच!

थंडीत दवानं हलगीचं कातडं उतरतं. बोर्डाच्या मागं कडब्याच्या जाळावर ती शेकत बसायचं, तेवढ्यात सोंगाड्या यायचा. उदगीर सोडून कमलनगरच्या बाजूला शिरलो की त्याला माझी गरज पडायची. ‘एखादं कानडी दे रे.’ मी त्याला ‘ऊट आयता?’ शिकवलं, जेवण झालं का एवढंच. गवळणींची वाट अडवून तो मथुरेच्या बाजाराऐवजी हेच विचारायचा आणि कनात हसून फुटायची. खरं तर पुढं बसलेल्या सगळ्यांना मराठी येत होतं. हसू आपलं बोलणं परक्याच्या तोंडून ऐकल्याचं होतं.

मार्गशीर्षात माळेगाव. खंडोबाची यात्रा, शेजारीशेजारी फड, समोरासमोर भोंगे. ज्याची ढोलकी चढली त्याच्या दारात गर्दी. फडाची मोठी कमाई तिथलीच, म्हणून सुट्टीचं नाव काढायचं नाही. आणि नेमकी त्याच दिवसांत येळवस. आमच्याकडं त्या अमावास्येला गावात कुत्रंही राहत नाही. सगळे शेतात, कडब्याच्या कोपीत पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, खीर, मडक्यात आंबील. जन्मल्यापासून मी एकही येळवस चुकवली नव्हती.

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी थोरला भाऊ आला. उदगीर, अहमदपूर करत, गाड्या बदलत, हातात स्टीलचा डबा. आंबील चांगलीच आंबली होती. मी दोन घोट घेतले आणि डबा बायांच्या राहुटीत गेला. खिळा लागलेली ती नाचणारी लातूरकडची होती, रात्री त्याच टाचेवर उभी राहिलेली. तिनं पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. मग एवढंच म्हणाली, ‘ताक कमी पडलंय रे तुझ्या आईचं.’

भाऊ खेळाला थांबला नाही. ‘आईला काय सांगू?’ म्हणाला. ‘हलगी बरी वाजतीय म्हणून सांग.’

पुढच्या दसऱ्याला मी उचल घेतली नाही.