तिथीची पाऊणपट

कुंडलिकेवर कयाक घेऊन जायचं ठरलं की आमच्याकडे नकाशाच्या आधी भिंतीवरचं कालनिर्णय खाली येतं. दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, कुणाच्या तरी मुंजीची खूण, या सगळ्यांतून वाट काढत बोट दशमीवर जाऊन थांबतं. शुद्ध की वद्य, याला महत्त्व नाही. दशमी रविवारी आली आहे का, एवढंच पाहायचं. वर्षात दशम्या चोवीस-पंचवीस, त्यांतल्या तीन-चारच रविवारी पडतात, आणि पावसाळ्याचे चार महिने गाळले की हातात उरतात दोन, फार तर तीन. त्यांतल्या एकीला कुणाचं तरी लग्न असतंच.

दशमीच का, हे सांगायचं तर पाऊणकीचा पाढा काढावा लागेल. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. एक भरती दिवसाची, एक रात्रीची. पौर्णिमेला नि अमावास्येला सव्वाअकरा येतात आणि प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा सुरू होते. खरं म्हणजे भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते आणि हिशेबात ती पंचेचाळीसच धरली आहेत, त्यामुळे पंधरवड्याच्या शेवटाला अर्धा-पाऊण तास कुठेतरी सांडलेला असतो. छापील तक्ते मिळतात, मोबाइलवर मिनिटासकट वेळ दिसते, आणि निघण्याआधी मी तीही बघतो. पण पहिलं गणित तोंडीच. पावकी, निमकी, पाऊणकी घोकलेल्या पिढीचा हा पाढा शाळेतून गेला, खाडीवर मात्र अजून चालतो.

कुंडलिका ही दोन घड्याळांवर चालणारी नदी आहे. खालच्या अंगाला, रोह्यापासून रेवदंड्यापर्यंत, चंद्राचं घड्याळ. वरच्या अंगाला विजेचं. सहल आखायची म्हणजे आधी यांतलं एक निवडायचं, आणि दोन्ही निवडण्याचा हट्ट धरायचा नाही.

वरच्या घड्याळाची गोष्ट मोठी आहे. मुळशीच्या तलावातलं पाणी सह्याद्रीचा कडा ओलांडून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरावर कोसळतं, १९२७ पासून. हे पाणी मुळेचं. पुण्यात मुठेला भेटायचं, भीमेत जायचं, भीमेबरोबर कृष्णेत, आणि शेवटी बंगालच्या उपसागरात, असा त्याचा मार्ग होता. टाटांनी ते मुंबईच्या विजेसाठी पश्चिमेला वळवलं. ज्यांची शेतं नि घरं त्या तलावाखाली जाणार होती, त्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्या लढ्यातच सेनापती झाले, आणि धरण झालंच. आज मे महिन्यात शेजारच्या नद्यांमध्ये गोटे उघडे पडलेले असताना कोलाडला कुंडलिका फेसाळत धावते ती या पाण्यावर. राफ्टवाल्या पोरांची सकाळ वीजघराकडे कान लावून जाते. तिकडे पाणी सुटलं की इकडे हेल्मेट चढतात, आणि काही तासांनी ते ओसरलं की मघाच्या लाटांच्या जागी खडक पाठी शेकत बसलेले दिसतात. मुंबईतल्या कुणाचा गीझर कोलाडच्या कुणाची राफ्ट ढकलतो आहे, याचा दोघांनाही पत्ता नसतो. राफ्टमध्ये बसल्यावर मुळशीची आठवण काढावी असा माझा आग्रह नाही. माझ्या मनात मात्र ती येते, आणि त्या धावत्या पाण्याचं निखळ कौतुक करणं मला जड जातं.

तिथल्या उसळत्या पाण्यात कयाक घालायची तर ती आखूड हवी, झटकन वळणारी, आणि उलटली तर पाण्यातच सुलटी करण्याची सवय अंगात मुरलेली हवी. ती विद्या तरुणांची. पुढे डोलवहाळचा बंधारा आडवा येतो. बंधाऱ्यावरून पाणी अगदी सौम्य दिसत उतरतं आणि पायथ्याशी जागच्या जागी घुसळत राहतं. त्या घुसळणीत सापडलेली होडी काय नि माणूस काय, सहजी सुटत नाही. म्हणून बंधारा दिसण्याच्या बऱ्याच आधी काठ गाठायचा. आखणीच्या कागदावर ही ओळ मी लाल शाईने लिहितो. तरुण हसतात. हसू देत.

माझी नदी रोह्याच्या खालची. भरतीच्या पाण्यावर समोरच्या अष्टमी गावाच्या बंदरापर्यंत एके काळी गलबतं येत. आता मालगाड्या येतात, आणि कोकण रेल्वेची सुरुवातही इथूनच होते. रोह्याजवळ कारखान्यांची वसाहत आहे आणि काही दिवस पाण्याला असा वास असतो की वल्ह्यावरून ओघळलेले थेंब मांडीवर नकोसे वाटतात. हे न सांगता खाडीच्या सौंदर्यावर लिहिणं बरं नव्हे. खाली उतरत गेलं की पात्र रुंदावतं, दोन्ही काठांना तिवरांची रांग लागते, मागे अवचितगडाचा डोंगर बराच वेळ खांद्यावरून दिसत राहतो, आणि वास हळूहळू खाऱ्या चिखलाचा होतो. हा वास मला आवडतो. सगळ्यांना आवडेल असं नाही.

आता दशमी. रोहा ते रेवदंडा सरळ रेघेत चोवीस-पंचवीस किलोमीटर, नदीच्या वळणांनी त्याहून बरंच जास्त. सराईत नसलेला माणूस स्थिर पाण्यात तासाला चार किलोमीटर वल्हवतो. ओहोटी पाठीशी असली की त्यात एक-दोन किलोमीटर फुकट मिळतात, समोर असली की तेवढेच कापले जातात. तेव्हा ओहोटी धरूनच निघायचं, यात वाद नाही. वाद वाऱ्याशी आहे. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे आपल्याच दिशेने. दुपार चढली की खारा वारा समुद्राकडून उठतो आणि थेट तोंडावर येतो. खाली जाणारं पाणी आणि वर येणारा वारा एकमेकांना भिडले की मुखापाशी आखूड, उभ्या लाटा होतात, आणि त्या कयाकच्या नाकावर बसतात. म्हणून ओहोटी सकाळी लवकर लागलेली हवी. पाऊणपटीने बघा, सहाची भरती अष्टमीला.

पण अष्टमीला भांग असतं. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, आणि ओढीत काही दम नसतो. जोरकस ओढ उधाणाची, आणि उधाण पौर्णिमा-अमावास्येला, तेव्हा भरती ऐन दुपारी नि मध्यरात्री. या किनाऱ्यावर सोयीची सकाळ आणि ताकदीची ओहोटी कधी एका दिवशी येतच नाहीत. चंद्राने ही अडचण कायमची घालून ठेवली आहे. मला त्यात एक तऱ्हेचा न्याय दिसतो, पण तो घरी खुर्चीत बसल्यावर. वल्हं हातात असताना नाही.

दशमी ही तडजोड. भांग मागे पडलेलं, पाणी रोज थोडं वाढतं, मुखाशी भरती साडेसात-आठला. एकदा मी हौसेने एकादशी धरली होती, उपासाच्या साबुदाण्याच्या खिचडीसकट. खालच्या एका धक्क्यावर जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्या तांडेलाला विचारलं, "काका, एकादशीला निघालो तर?"

"निघा की. भरती सव्वाआठाची. इथं वर पानी यायला अजून येळ. तुमी सुटनार नऊ-साडेनवाला, मंग मोऱ्यावर वारा." त्यांनी सुई बाजूला ठेवली. "दशमी धरा. आनी रोह्यावरनं नको, इथनं सुटा."

त्यांच्या या शेवटच्या वाक्यात सगळ्या आखणीची मेख होती. मुखाशी पाणी उतरायला लागतं तेव्हा वर ते अजून चढतच असतं, पुढे ओहोटी संपतेही मुखाशीच आधी. म्हणजे जो पाण्याबरोबर खाली जातो त्याच्या वाट्याला सहा तासांची ओहोटी पुरी येत नाही, जेमतेम पाच तास मिळतात. वर येणाऱ्याला उलट भरती जास्त वेळ मिळते. शिवाय ओहोटीचे सगळे तास सारखे नसतात. पहिल्या तासात पाणी जेमतेम हलतं, तिसऱ्या-चौथ्यात मिळून जवळजवळ निम्मं निघून जातं, शेवटच्या तासात पुन्हा आळसावतं. रोह्याहून निघणारा हे सगळं जुळवता जुळवता वेळेच्या काठावर येतो, आणि त्या काठावर विश्रांतीला जागा नसते. तेव्हा अर्ध्यातल्या गावच्या धक्क्यावरून सुटायचं, मधल्या दोन जोरकस तासांत रुंद पात्र काढायचं, आणि मुखाजवळच्या साळावच्या पुलाची रेघ दिसली की घाई सोडायची.

घाई सोडायचं कारण काठ. पाणी उतरलं की तिवरांच्या पायाशी चिखल उघडा पडतो आणि त्यावर निवट्या उड्या मारतात. त्यांच्याकडे बघता बघता कयाक कडेला नेली नि पाय खाली टाकला, तर तो मांडीपर्यंत आत जातो. बगळ्याला जमतं ते आपल्याला जमत नाही. खाडीत उतरणं म्हणजे धक्क्याच्या पायरीवरच, आणि ओहोटीच्या शेवटाला कुठल्या धक्क्याची पायरी पाण्याला लागून राहते, हे आदल्या रविवारी जाऊन बघून यायचं. आमच्यातल्या काहींना ही आदली फेरीच जास्त आवडते. ती रस्त्याने होते आणि जेवायला जिताडा मिळण्याची शक्यता असते.

बाकी यादी छोटी आहे. लाइफ जॅकेट अंगावर, पिशवीत नव्हे. माणशी तीन लिटर पाणी, कारण सभोवार पाणी असूनही प्यायला एक थेंब नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, आणि पिशवी कयाकला बांधलेली. दोघांना मिळून जायचं असेल तर उघडी कनू बरी, वल्हं एका पात्याचं, सामानाला जागा भरपूर. एकट्याने, वाऱ्याशी झगडत जायचं असेल तर दोन पात्यांच्या वल्ह्याची कयाक. नवरा-बायकोंनी एका कनूत बसावं की नाही यावर आमच्यात दोन पक्ष आहेत.

आणि गाड्या. एक रेवदंड्याला आधी नेऊन ठेवायची, दुसरीने सगळ्यांनी धक्क्यावर यायचं, संध्याकाळी पहिलीतून जाऊन दुसरी आणायची. भरती, वारा, तिथी, रविवार, सगळं जुळून येतं, पण पहाटे चारला उठून पहिली गाडी रेवदंड्याला कुणी न्यायची, यावर अजून एकमत झालेलं नाही.