कागदाच्या मुलखातून

लाप्पेनरान्ता (फिनलंड), ९ फेब्रुवारी १९९९

ती. दादांस,



पोहोचल्याचा फोन केला खरा, परंतु त्यात घरपट्टीच्या नोटिशीखेरीज दुसरे काहीच बोलणे झाले नाही. म्हणून हे पत्र, अंगात दोन स्वेटर आणि गुडघ्यांवर तिसरा अशा अवस्थेत, निजण्यापूर्वी लिहावयास बसलो आहे. मागील सालची पावती माझ्या कपाटातील हिरव्या दप्तरात आहे, ती त्या कारकुनासमोर ठेवावी आणि मगच त्याचा तगादा ऐकून घ्यावा.

वाटेत जेथे विमान बदलले त्या विमानतळाचे नाव मी लिहीत नाही, कारण ते लिहिताच पुन्हा संताप होईल. आपल्या कागद गिरणीतील ब्लीचिंगच्या सांडपाण्याच्या ज्या सीलबंद बाटल्यांसाठी मी महिनाभर दाखले आणि शिक्के गोळा करीत हिंडलो, त्यांजकडे तेथील जकात-अंमलदाराने ढुंकूनही पाहिले नाही. परंतु वहिनींनी दिलेली जवसाची चटणी मात्र त्याने चिमटीत घेतली, हुंगली, दिव्याखाली धरली, आणि तिच्यासाठी कागद नाही एवढ्या एकाच कारणास्तव जप्त केली. हा खाण्याचा जिन्नस आहे असे मी विनयाने सांगितले, तर तो म्हणाला, “तीच तर अडचण आहे.” वहिनींना हे इतक्यात कळवू नये.

येथे उणे बावीस अंश आहेत. साइमा सरोवराचे सविस्तर वर्णन लिहून पाठविण्याची सुमीची फर्माईश होती. पण सरोवर सध्या बर्फाखाली असून त्यावरून मोटारी जातात, तेव्हा तो विषय येथेच संपतो. खाण्याचे मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. राईच्या पिठाची एक पातळ, कडेने चुण्या घातलेली पारी असते आणि तिच्या मध्यभागी चक्क दुधात शिजविलेला मऊ भात असतो. तिला करेलियन पाय म्हणतात. वर अंडे कालविलेले लोणी घालण्याची रीत आहे. ते नको म्हटले की वाढणारी बाई माझ्याकडे अनुकंपेने पाहते, पण भात तो भात, मी सकाळ-संध्याकाळ तोच खात आहे. उलटपक्षी, प्रयोगशाळेतील एका सज्जनाने प्रेमाने पुढे केलेली काळी गोळी तोंडात टाकली आणि डोळ्यांस पाणी आले. चौकशीअंती समजले की तीत ज्येष्ठमधाबरोबर नवसागर असतो, आपला कल्हईवाला वापरतो तोच. ही माणसे तो लहान मुलांना खाऊ म्हणून देतात.

आता ज्यासाठी आलो ते. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आपले पाणी एका छोट्या पात्रात ओतले. तळाशी पापडाएवढी पांढरी, गुळगुळीत चकती, म्हणजेच गाळणारा पडदा (मेम्ब्रेन), वरून दाब आणि आत सतत ढवळणारी दांडी. या चकतीची छिद्रे एका मायक्रॉनच्या शंभराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही सूक्ष्म असल्यामुळे लिग्निनचे अवजड रेणू वर अडतात आणि पाणी, त्यात विरघळलेल्या क्षारांसह, खाली जाते. वरचे द्रावण काकवीसारखे तपकिरी असता खालच्या नळीतून जे थेंब पडू लागले ते फिक्या पिवळ्या रंगाचे होते, आणि मान्य केले पाहिजे की मी काही वेळ वही बाजूस ठेवून नुसता पाहत राहिलो. परंतु तुम्ही निरोपाच्या वेळी जे बजाविले होते तेही समोरच घडले: थेंबांमधील अंतर वाढत गेले, आणि पात्र उघडले तेव्हा चकतीवर बोटाने निघेल असा चिकट थर बसलेला होता. अल्कलीने धुतल्यावर धार बरीचशी पूर्ववत झाली, पूर्णतः नव्हे.

लोह्या, १३ फेब्रुवारी

ती. दादांस सा. न. वि. वि.

हेलसिंकी पाहिले, सुंदर आहे. स्थानकावर एक कॉफी आणि एक बन यांस जे मार्क मोजले, त्यांचे आठने गुणून रुपये केले आणि बन घशाखाली उतरेना. तुमचे पत्र येथे मिळण्याची आशा नव्हतीच, तरी कचेरीत विचारून पाहिले.

काल जवळच्या किर्कनिएमी येथील कागद गिरणीत गेलो होतो. येथे पडदा लावला आहे तो काळ्या-तपकिरी सांडपाण्यावर नसून कागदाच्या मशीनखाली गळणाऱ्या पाण्यावर, म्हणजे व्हाइट वॉटरवर, आणि मला वाटते की आपण सारे ज्या टोकाकडून विचार करीत होतो त्याच्या नेमके उलट टोक हेच आहे. गोल तबकड्यांची एकावर एक रचलेली चळत, प्रत्येक तबकडीच्या दोन्ही अंगांस पडदा, आणि दोन तबकड्यांमधील फटीत फिरणारी पाती: पाणी पडद्यापाशी स्थिर राहूच द्यावयाचे नाही, म्हणजे तंतूंचा चुरा आणि लाकडाची राळ त्यावर बसण्यास अवसर मिळत नाही, हे या यंत्राचे सारे रहस्य. दाबही फारसा लागत नाही. गाळलेले पाणी पुन्हा मशीनच्या शॉवरला जाते. त्यात निलंबित कण नसल्यामुळे बारीक नोझल तुंबत नाहीत, आणि शॉवरसाठी ताजे पाणी घ्यावे लागत नाही.

तुम्हांस विशेष आवडेल असे एक सांगतो. या कामी जो पडदा पसंत पडला आहे तो सेल्युलोजचा आहे, म्हणजे मूळ कागदाचाच भाऊबंद. पॉलिसल्फोनला राळ लगेच चिकटते, पण सेल्युलोज पाण्याशी सलगी राखणारे असल्यामुळे त्यावर ती सहज धरत नाही. या साऱ्या विद्येचा पाया ज्या पडद्याने घातला तो १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात लोब आणि आपल्या देशातील सौरीराजन या दोघांनी केला, आणि तोही सेल्युलोज अॅसिटेटचाच होता. आपल्या लॅबमधील तरुण मंडळींस हे अवश्य सांगावे. त्यांना वाटते की सर्व काही परदेशातून खोक्यात भरून येते.

मात्र येथील हिशेब जसाच्या तसा उचलता येणार नाही. या लोकांना गोठणबिंदूजवळचे पाणी वाफ खर्चून तापवावे लागते, म्हणून ऊन पाणी परत फिरविणे हाच त्यांचा निम्मा नफा. आपणास मे महिन्यात वर्धा नदीचे पात्र पाहून जी धडकी भरते ती त्यांनी कधी अनुभविलेली नाही. शिवाय पाणी जितके आत कोंडावे तितके त्यात क्षार साचत जातात, कारण हा पडदा त्यांना अडवीत नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याच कोंडलेल्या पाण्यात जी बुळबुळीत शेवाळी माजेल तिचा बंदोबस्त निराळा.

येथे कोणी कोणाशी बोलत नाही. जेवणाच्या टेबलावर चौघे बसलो असता चमच्यांचे आवाज ऐकू येतात. आपल्या ओसरीवरचा गलका, ज्याविषयी मी आयुष्यभर कुरकुर केली, तो आज विकत मिळाला असता तर कॉफीच्या भावानेही घेतला असता.

ब्रोमोला (स्वीडन), १८ फेब्रुवारी

ती. दादांस सा. न. वि. वि.

जहाजात रात्रभर शेजारच्या खोलीत गाणे चालले होते, स्टॉकहोम आगगाडीच्या काचेतून दिसले, आणि आता घशात कफ आहे. वहिनींचा काढा नसल्याने गरम पाण्यात मीठ घालून भागवितो.

येथील न्यूमोलाची गिरणी मॅग्नेशियमवर चालणारी सल्फाइटची आहे. ऑक्सिजनने विरंजन केल्यावर जे गडद पाणी निघते ते येथे अर्ध्या इंचाच्या नळ्यांतून वेगाने फिरवितात. नळ्यांच्या आतील अंगास पडदा, बाहेर सच्छिद्र पोलादाचा आधार. अल्कली सोसावी म्हणून पडदा येथे सेल्युलोजचा नसून पॉलिइथरसल्फोनचा. इमारतीत नळ्यांचे जंगल आहे आणि पंपांचा घोष इतका की मला दाखविणाऱ्या गृहस्थांचे निम्मे भाषण खुणांनीच समजून घ्यावे लागले. मी मात्र सर्वांस एकच प्रश्न विचारीत होतो, जो तुम्ही मला विचारला असता: अडलेले जाते कोठे? कारण पडदा घाणीचा नाश करीत नाही, केवळ वाटणी करतो. स्वच्छ वाटा सर्वांस हवा असतो आणि दुसऱ्या वाट्याचा वारस कोणी होत नाही. येथे तो घट्ट वाटा आटवून भट्टीत जाळतात, आणि म्हणूनच हे सारे प्रकरण टिकले आहे.

आपल्याकडे हीच गोष्ट कठीण. आपल्या बांबूत सिलिका, ती अल्कलीत उतरते आणि इव्हॅपोरेटरच्या नळ्यांवर दगडासारखी बसते, हे मी तुम्हांस काय सांगावे. त्यात पडद्याचा वाटा आणखी ओतला तर तुमच्या जुन्या खात्यातील मंडळी मला गावात राहू देणार नाहीत. म्हणून माझे मत असे बनले आहे की आधी किर्कनिएमीचा कित्ता एका मशीनच्या व्हाइट वॉटरवर गिरवावा, आणि ब्लीचिंगचे पाणी अडलेल्या मालाची सोय लागेपर्यंत तुमच्या क्लॅरिफायरकडेच राहू द्यावे. साहेबांना हे रुचणार नाही, कारण रंग गेलेला डोळ्यांना दिसतो आणि वाचलेले पाणी दिसत नाही. अहवाल तरीही असाच लिहिणार.

एक काम करावे. दोन नंबरच्या मशीनखालचे पाणी आठवडाभर रोज एक बाटली भरून, तारीख घालून लॅबमध्ये ठेवण्यास सांगावे, आणि त्यात राळ व क्लोराइड तपासून घ्यावे. मी आल्यावर सांगू लागलो तर आणखी एक महिना जाईल. सुमीच्या परीक्षेचा अर्ज भरला का ते कळवावे. नागपूरहून पहाटेची गाडी धरीन. स्टेशनवर कोणी येऊ नये, पण घरी भात टाकलेला असावा.

आपला,
धाकटा